तिबेटचे चित्रकार पंडित गेंदुन छोफेल

वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तथागतांचे जीवन, बाबासाहेबांचे कार्य, विहाराचा इतिहास आणि देणगीदारांची यादी हे सगळे आलेच. ते असायलाच हवे. पण यंदा संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मी एका परक्या मुलखातल्या माणसाविषयी लिहायचे ठरवले. त्याला कारण झाला एक फ्लेक्स.

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मिरवणुकीसाठी आमच्या पोरांनी दहा फूट रुंद आणि चार फूट उंच फ्लेक्स छापून आणला. रंग झकास, अक्षरे मोठी, नावे सगळ्यांची. फक्त मधले बुद्धरूप आडवे ताणले गेले होते. जागा रुंद होती, चित्र उभे होते. बनवणाऱ्याने संगणकावर चित्राची बाजू धरून ओढली आणि मोकळी जागा भरून टाकली. गाल फुगले, खांदे पसरले, डोळे कानांकडे सरकले. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या उपासिकेने हात जोडले आणि मग हळूच विचारले की भगवंताला बरे नाही का. पोरं हसली. मला मात्र हसू आले नाही. ही आजी कधी चित्रकलेच्या शाळेत गेलेली नाही, पण माप चुकल्याचे तिला एका नजरेत कळले.

ज्या देशात हे माप शेकडो वर्षे डोळ्यांत तेल घालून सांभाळले गेले तो देश म्हणजे तिबेट. आणि त्या मापात तयार होऊन, पुढे त्याच्या बाहेरही पाहण्याचे धाडस ज्यांनी केले ते चित्रकार म्हणजे गेंदुन छोफेल. गेंदुन म्हणजे संघ आणि छोफेल म्हणजे धम्माची वृद्धी. आपल्या भाषेत सांगायचे तर संघधर्मवर्धन. तिबेटी लोकांत हे नाव आजही आदराने आणि थोड्या हळहळीने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

रेबकोंगचा मुलगा

गेंदुन छोफेल यांचा जन्म १९०३ साली तिबेटच्या ईशान्येकडील आम्दो प्रांतात, रेबकोंग भागातल्या एका खेड्यात झाला. हा भाग आज चीनच्या छिंगहाय प्रांतात मोडतो. रेबकोंग म्हणजे चित्रकारांचा मुलूख. तिथल्या काही गावांत घरोघरी थांका रंगवण्याचे काम चाले आणि आजही चालते. या रेबकोंग कलेला २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

वडील तांत्रिक परंपरेतले विद्वान लामा होते. मुलाला त्यांनीच अक्षरओळख करून दिली. पण मुलगा लहान असतानाच ते वारले. पोरगा हुशार, हात चालणारा. लिहिणे, चित्र काढणे, काहीतरी जोडून यंत्र बनवणे, हे सगळे त्याला लहानपणापासून जमायचे. पुढे एका लामांचा अवतार म्हणूनही त्याला मान्यता मिळाली. म्हणजे आयुष्यभर गादीवर बसून नमस्कार घ्यावेत अशी सोय झाली होती. ती सोय त्यांनी कधी वापरली नाही.

थांका म्हणजे काय हे इथे सांगायला हवे, कारण त्याशिवाय या माणसाची वाट समजणार नाही. सुती कापड लाकडी चौकटीत दोऱ्यांनी ताणून बसवायचे. त्यावर पांढरी माती किंवा खडू आणि सरस यांचा लेप द्यायचा. तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा. मग रंगाला हात लावण्याआधी रेषा मारायच्या. सगळ्यात पहिली मधली उभी रेषा. तिला तिबेटी भाषेत ब्रह्मरेषा म्हणतात. ती वाकडी गेली की पुढचे सगळे वाकडे. तिच्या आधाराने आडव्या-उभ्या रेषांचे जाळे तयार होते. माप अंगुळात मोजतात. एका प्रचलित पद्धतीत बुद्धाची पूर्ण उंची १२५ अंगुळे आणि दुसऱ्या पद्धतीत १२० अंगुळे धरतात. चेहऱ्याची लांबी पहिल्या पद्धतीत साडेबारा, तर दुसरीत बारा अंगुळे. डोळा कुठे, नाभी कुठे, गुडघा कुठे, सगळे ठरलेले. हे अंगुळाचे गणित मूळचे भारतातले. मूर्तिमानाचे संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषेत उतरले आणि पंधराव्या शतकात मेनला दोंडुप या थोर चित्रकाराने त्याची नीट मांडणी करून दिली.

रंगही साधे नव्हेत. निळे आणि हिरवे दगड कुटून, खलून रंग काढायचा. लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा. नीळ, लाख आणि शेवटी सोने. आकाशाचा निळा वरती गडद आणि खाली फिका होत जातो, तो ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवायला दिवसच्या दिवस जातात. सगळे झाले की अखेरीस डोळे उघडायचे. चित्रात माप चुकले तर ते केवळ चित्रकाराचे अपयश मानत नाहीत. त्याला दोष लागतो अशी समजूत आहे. म्हणून थांकावर बहुधा चित्रकाराचे नावही नसते. नाव कुणाचे मिरवायचे, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

वादपटू आणि पोटासाठी चित्रे

तरुणपणी ते लाब्रांगच्या मोठ्या मठात शिकायला गेले. तिथे वादविवादात त्यांनी भल्याभल्यांना गप्प केले. तिबेटी मठांत वादविवाद म्हणजे आपल्याकडच्या कुस्तीसारखा. उभे राहून, टाळी वाजवून प्रश्न टाकायचा आणि समोरच्याने बसून उत्तर द्यायचे. गेंदुन छोफेल मुद्दाम अडचणीची बाजू घ्यायचे आणि ती लढवायचे. लाब्रांगजवळ एक अमेरिकन मिशनरी राहत असे, त्याच्याकडून थोडे इंग्रजी कानावर पडले. आपोआप चालणारी खेळण्यातली होडी त्यांनी बनवली होती असेही सांगतात. मठातल्या वरिष्ठांना हा मुलगा जड जाऊ लागला. १९२६ च्या सुमारास त्यांनी लाब्रांग सोडले आणि पुढच्या वर्षी काही महिन्यांची पायपीट करून ल्हासा गाठले.

ल्हासाजवळचा डेपुंग मठ त्या काळी हजारो भिक्खूंचा. तिथे शेरब ग्यात्सो नावाच्या नामवंत आचार्यांकडे ते शिकू लागले. गुरू-शिष्याचे पटायचे कमी, वाद जास्त. शिष्य सांगितलेले मानण्याआधी उलट प्रश्न विचारी. घरून मदत नाही, त्यामुळे पोटासाठी हातातली कला कामी आली. ल्हासातल्या धनिकांसाठी चित्रे काढायची आणि त्यावर शिक्षण चालवायचे. मापाच्या रेषा, रंगाची घोटाई, बुद्धरूपाचे डोळे, हे सगळे त्यांनी रोजगार म्हणूनही केले. सात वर्षे अशी गेली. गेशे ही सर्वोच्च पदवी हाताच्या अंतरावर होती. तेवढ्यात १९३४ साली एक भारतीय पाहुणा ल्हासात आला आणि त्यांची वाटच बदलली.

राहुलजींची सोबत

तो पाहुणा म्हणजे महापंडित राहुल सांकृत्यायन. राहुलजी आपल्याला परके नाहीत. भदंत आनंद कौसल्यायन, भिक्खू जगदीश काश्यप आणि राहुलजी या तिघांनी पाली वाङ्मय हिंदीत आणण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांतले आनंदजी पुढे नागपूरला येऊन राहिले, बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांनी केला, आणि विदर्भातल्या किती तरी विहारांत त्यांची प्रवचने झाली. त्या आनंदजींच्या मित्राचा हा तिबेटमधला सोबती, असे नाते मी मनाशी जुळवतो.

राहुलजी तिबेटात एकूण चार वेळा गेले. १९२९, १९३४, १९३६ आणि १९३८. भारतात बौद्ध विद्यापीठे उद्ध्वस्त झाली तेव्हा जे संस्कृत ग्रंथ इथून नाहीसे झाले, त्यांच्या ताडपत्री पोथ्या तिबेटच्या मठांत धूळ खात पडल्या असतील, हा त्यांचा अंदाज. आणि तो खरा निघाला. पहिल्या खेपेला त्यांनी ग्रंथांबरोबर थांकाचा मोठा संग्रहही आणला आणि तो पाटण्याच्या संग्रहालयाला दिला. दुसऱ्या खेपेला त्यांना एक जाणकार सोबती हवा होता. तिबेटी ग्रंथ माहीत असलेला, मठांतल्या माणसांशी बोलू शकणारा, मूर्ती आणि चित्रे ओळखणारा. गेंदुन छोफेल यांच्यात हे सगळे होते. पदवीची परीक्षा बाजूला ठेवून ते निघाले.

साक्या, ङोर, शालू अशा जुन्या मठांत दोघे हिंडले. कुलुपे उघडा म्हणून विनवण्या करायच्या, कोंदट खोलीत दिव्याच्या उजेडात पोथ्या चाळायच्या, याद्या करायच्या. पोथी बाहेर न्यायला परवानगी नसे. मग नकला उतरायच्या नाहीतर फोटो काढायचे. एकेका पानाचा फोटो. धर्मकीर्तींच्या तर्कशास्त्रावरचे मूळ संस्कृत साहित्य अशा शोधातूनच जगापुढे आले. १९३८ च्या मोहिमेतही गेंदुन छोफेल होते. त्या वेळी फोटोग्राफर फणी मुखर्जी आणि तरुण भारतीय चित्रकार कंवल कृष्ण हेही सोबत होते. समोर दिसणारा डोंगर, माणूस, घर जसे दिसते तसे छाया-प्रकाशासह रंगवणे, ही रीत जुन्या थांकाकारांची नव्हे. गेंदुन छोफेल यांच्या हातून अशी जलरंगातली चित्रे आणि माणसांची रेखाटने पुढे बरीच उतरली.

पुढे १९६६ नंतरच्या दशकात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली तिबेटातल्या किती तरी मठांची, मूर्तींची, ग्रंथांची राखरांगोळी झाली. त्याआधी कुणीतरी पान-पान टिपून ठेवले होते याचे मोल तेव्हा कळले. आज आपण मोबाईलवर दिवसाला शंभर फोटो काढतो. त्यांतला कुठला टिकायला हवा याचा विचार मात्र क्वचितच करतो.

भारतातली बारा वर्षे

१९३४ च्या अखेरीस ते नेपाळमार्गे भारतात आले आणि मधली तिबेटची सफर सोडली तर सुमारे बारा वर्षे इकडेच राहिले. पाटणा, दार्जिलिंग, कलिम्पोंग, कलकत्ता, सारनाथ, कुलू. खिशात पैसा नसायचा. कधी पायी, कधी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात. या काळात ते संस्कृत शिकले, पाली शिकले, इंग्रजी वाचू लागले. पुढे चीवरही सोडले. मद्य आणि स्त्रीसंग यांविषयी त्यांनी काही लपवले नाही. कामशास्त्रावर तिबेटी पद्यात ग्रंथही लिहिला. त्यांना संत म्हणून मखरात बसवायचे असेल तर ही अडचण आहे. मला वाटते बसवूच नये. माणूस म्हणून पाहावे.

त्यांनी या वर्षांत जे काम केले ते पाहिले की आजच्या भाषेत आपण ज्याला ग्राफिक डिझाईन म्हणतो त्याची आठवण होते. चार उदाहरणे देतो.

पहिले, भारतातल्या बौद्ध तीर्थांची मार्गदर्शिका. १९३९ साली ती निघाली. तिबेटी यात्रेकरू बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी यांची नावे ग्रंथांत वाचून येत, पण प्रत्यक्ष जायचे कसे हे त्यांना कळत नसे. काही जण तर आसामातल्या एका गावालाच कुशीनगर समजून नमस्कार करून परतत. गेंदुन छोफेल यांनी खरी स्थळे कुठली हे नव्या संशोधनाच्या आधारे सांगितले आणि त्याच पुस्तकात आगगाडी कुठे बदलायची, तिकिटाला किती पैसे पडतात हेही दिले. सोबत नकाशा. धर्मग्रंथाच्या भाषेत रेल्वेचे भाडे! पण यात्रेकरूला त्याचीच गरज होती. वाचणाऱ्याला काय हवे ते ओळखून मांडणी करणे, यालाच तर डिझाईन म्हणायचे.

दुसरे, पृथ्वी गोल आहे हे सांगणारा लेख. कलिम्पोंगहून थार्चिन बाबू मेलोंग नावाचे तिबेटी वृत्तपत्र काढत. मेलोंग म्हणजे आरसा. त्यात १९३८ साली हा लेख नकाशासह छापून आला. मध्ये मेरू पर्वत आणि चारी दिशांना चार द्वीपे, असे सपाट जग तिबेटी चित्रांत रंगवलेले असे. त्या चित्रावर वाढलेल्या माणसानेच सांगितले की जग तसे नाही. तथागतांच्या शिकवणीला याने बाध येत नाही, उलट डोळे मिटून जुने धरून बसलो तर आपलेच हसे होईल, असा त्यांचा रोख होता. तथागतांनी तरी काय सांगितले? पारखून घ्या, मगच माना.

तिसरे, वनस्पतींची आणि लिपींची ओळख. १९४१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या त्यांच्या मोठ्या भारत-ग्रंथात फुलाझाडांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हे का, तर संस्कृत ग्रंथांतली झाडांची नावे तिबेटी भाषांतरांत जशीच्या तशी उतरली, पण झाड कुणी पाहिलेच नव्हते. थांकात तथागत कमळावर बसतात, आणि तिबेटच्या गोठवणाऱ्या पठारावर कमळ काही फुलत नाही. पिढ्यान् पिढ्या माणसे न पाहिलेले फूल मापाने काढत राहिली. गेंदुन छोफेल भारताच्या तळ्याकाठी उभे राहिले आणि ते फूल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच ग्रंथात वेगवेगळ्या प्रांतांच्या लिपींविषयी प्रकरण आहे, गिरनारच्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाविषयी आहे, श्रीलंकेच्या इतिहासाविषयी आहे.

चौथे, एक बोधचिन्ह. १९३९ मध्ये कलिम्पोंगला रापगा पांगदात्सांग यांनी तिबेटच्या सुधारणेसाठी एक पक्ष काढला. सरदार आणि मठाधीश यांच्या हातातली जुनी सत्ता बदलावी हा हेतू. त्या पक्षाचे बोधचिन्ह गेंदुन छोफेल यांनी तयार केले. त्यात विळा, तलवार आणि हातमाग. शेतकरी, सैनिक आणि विणकर. देवदेवतांच्या आयुधांची मापे पाठ असलेल्या हाताने श्रमकऱ्यांची हत्यारे काढली. हे छोटेसे चित्र पुढे त्यांना फार महाग पडले.

याशिवाय धम्मपदाचा पालीतून तिबेटीत अनुवाद त्यांनी केला. तिबेटी त्रिपिटकात धम्मपदाशी जुळणारा संग्रह होता, पण पाली धम्मपद नव्हते. श्रीलंकेत काही काळ राहून तिथल्या भिक्खूंचे साधे राहणे त्यांनी जवळून पाहिले होते. शाकुंतल, गीता यांचेही अनुवाद केले. कुलूजवळ नग्गरला रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचे पुत्र जॉर्ज रोरिक यांच्यासोबत तिबेटी इतिहासाच्या एका प्रचंड ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करण्यात ते राबले. तो ग्रंथ १९४९ आणि १९५३ साली कलकत्त्याहून दोन भागांत निघाला. मुखपृष्ठावर नाव एकट्या रोरिक यांचे. गेंदुन छोफेल यांच्या वाट्याला प्रस्तावनेतला उल्लेख. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही, म्हणून जास्त सांगत बसत नाही. थांकाकार स्वखुशीने नाव लिहीत नाही ती गोष्ट वेगळी, आणि नाव राहून जाते ती वेगळी.

तुरुंग

१९४६ साली ते मायदेशी निघाले. भूतान आणि तवांगच्या बाजूने, वाटेत टिपणे आणि नकाशे काढत. ल्हासात पोचल्यावर लोकांनी स्वागत केले, सरदारांच्या घरी बोलावणी आली. तिबेटचा जुना इतिहास खऱ्या पुराव्यांवर लिहायचा हे त्यांचे मोठे स्वप्न होते. दंतकथा बाजूला ठेवून तुन्हुआंगच्या गुहांत सापडलेली जुनी कागदपत्रे आणि शिलालेख यांच्या आधारे त्यांनी लेखन सुरू केले.

पण कलिम्पोंगच्या पक्षाची माहिती इंग्रज अधिकाऱ्यांकडून ल्हासा सरकारकडे गेली होती. थोड्याच काळात त्यांना अटक झाली. आरोप काय, तर खोट्या नोटा चालवल्याचा. चित्रकाराचा हात आहे, तेव्हा नोटाही हाच काढत असेल, असे कुणालाही सहज पटावे. खरे कारण राजकारण होते हे बहुतेक अभ्यासक मानतात. चौकशीत फटके बसले. हस्तलिखितांची पेटी जप्त झाली. आधी शहरातला तुरुंग, मग पोताला राजवाड्याच्या पायथ्याचा. जवळजवळ तीन वर्षे.

१९४९ मध्ये सुटका झाली तेव्हा माणूस मोडला होता. सरकारने राहायला जागा दिली, शिधा दिला आणि इतिहास पुरा करायला सांगितले. त्यांनी केला नाही. तो इतिहास अपुराच राहिला. दारू वाढली, प्रकृती ढासळली. तरीही एका शिष्याला त्यांनी आचार्य नागार्जुनांच्या विचारावर बरेच काही सांगून ठेवले आणि त्याचा ग्रंथ झाला. त्यावर तिबेटी विद्वान आजही भांडतात. सप्टेंबर १९५१ मध्ये चिनी सैन्याची पहिली तुकडी ल्हासात दाखल झाली आणि ऑक्टोबरमध्ये गेंदुन छोफेल यांचे निधन झाले. वय अवघे ४८. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, नागपूरच्या भूमीवर धम्मचक्र पुन्हा फिरले. आपण मुक्तीच्या वाटेला लागलो तेव्हा हा माणूस जगात नव्हता. असता तर अशोकाच्या शिलालेखाइतक्याच उत्सुकतेने तो ते पाहायला आला असता, असे मला उगीच वाटते.

मागे काय राहिले

त्यांचे विखुरलेले लेखन त्यांचे मित्र होरखांग सोनम पेनबर यांनी जिवापाड जपले आणि ते १९९० साली ल्हासात तीन खंडांत छापले गेले. २००३ साली, म्हणजे त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ल्हासातल्या तरुण चित्रकारांनी एकत्र येऊन आपल्या मंडळाला त्यांचेच नाव दिले. २००५ साली त्यांच्यावर माहितीपट निघाला. त्यांच्या चित्रांचे पुस्तकही निघाले आहे.

आज तिबेटी चित्रकार संगणकावरही काम करतात. कुणी थांकाच्या रेषांचे जाळे पडद्यावर आखतो, कुणी बुद्धाची बाह्याकृती घेऊन आत जाहिरातींची चिकट चित्रे भरतो आणि आजच्या बाजाराविषयी बोलतो. तिबेटी लिपीचे जोडाक्षर एकाखाली एक रचावे लागते, त्यामुळे छापखान्यात आणि पुढे संगणकावर ते बसवणे कठीण गेले. १९९६ पासून युनिकोडमध्ये तिबेटी अक्षरांना पक्की जागा मिळाली. १९९९ साली अमेरिकेत जीन स्मिथ या विद्वानाने तिबेटी ग्रंथ स्कॅन करण्याची संस्था उभी केली आणि आता हजारो ग्रंथ पान-पान करून जगात कुठेही वाचता येतात. शालूच्या अंधाऱ्या खोलीत एकेका पानाचा फोटो काढणाऱ्या त्या दोघांचेच हे काम पुढे गेले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात नागपूरच्या रस्त्यांवर लोकरीचे कपडे विकायला बसणारे तिबेटी आपण दरवर्षी पाहतो, भावात घासाघीस करतो आणि निघून येतो. पुढच्या वेळी स्वेटर घेताना गेंदुन छोफेल हे नाव घेऊन पाहा. समोरच्या माणसाचा चेहरा कसा बदलतो ते बघा.

आता पुन्हा आमच्या फ्लेक्सकडे. संगणकाच्या पडद्यावर चित्राभोवती जी चौकट येते तिला बाजूला धरून ओढले की चित्र ताणते, कोपऱ्याला धरून ओढले की माप राखून मोठे होते. एवढी साधी गोष्ट. पडद्यावरही उभ्या-आडव्या मार्गदर्शक रेषा टाकता येतात. ब्रह्मरेषा तिथेही आहे, फक्त ती वापरायची इच्छा हवी. रुंद जागा उरली तर तिथे बोधिवृक्ष येऊ द्या, नाहीतर मोकळी राहू द्या. नावे थोडी लहान करा.

मात्र नुसते माप धरून बसा एवढेच गेंदुन छोफेल यांच्या आयुष्यातून शिकायचे नाही. न पाहिलेले कमळ ज्यांनी मापाने काढले त्यांच्याच परंपरेतला हा माणूस शेवटी तळ्याकाठी गेला. हात शिस्तीत आणि डोळे मोकळे, दोन्ही त्यांच्यापाशी होते, आणि दुसऱ्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

यंदाच्या मिरवणुकीचा फ्लेक्स बनवताना मी त्या पोरांजवळ बसलो होतो. पोरं समजूतदार आहेत, सांगितले की ऐकतात. छापून आल्यावर सगळ्यात आधी तो त्या आजीला दाखवला. तिने बराच वेळ पाहिले, हात जोडले आणि काही न विचारता पुढे गेली.